विकणाऱ्याच्या बाजूने

इंदूरच्या राजेंद्र नगरात, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात गेली काही वर्षं घरं रिकामी होताहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला, कुणाची टोरांटोला. मागे राहिलेले आई-वडील राहतं घर विकून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जातात, नाहीतर मुलाकडे. मग चाळीस वर्षांत साठलेल्या सामानाचं काय करायचं, हा प्रश्न येतो. सागवानी डायनिंग टेबल, लोखंडी कपाट, पायाचं शिलाई मशीन, दिवाण, मुलीचा सिंथेसायझर. पूर्वी यातलं निम्मं कामाच्या बाईंना जायचं, थोडं भाचीच्या नव्या संसाराला, उरलेलं कबाडीच्या हातगाडीवर. आता लोक फोटो काढून ॲपवर टाकतात, आणि मला ते मनापासून पटतं. चांगल्या लाकडाचं टेबल भंगारात जाण्यापेक्षा भंवरकुआच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या अभ्यासाला लागलेलं बरं. त्याला स्वस्तात मिळतं, विकणाऱ्यालाही चार पैसे सुटतात. म्हणूनच या व्यवहारात शिरलेल्या फसवणुकीची मला इतकी चीड येते. एक साधा, दोघांच्या सोयीचा व्यवहार तिने भीतीचा करून टाकलाय.

माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये लागले, २०१० साली ती स्टेट बँकेत विलीन झाली, आणि निवृत्त झाले ती तिथूनच. काउंटरवर बसून माणसांचे हात पाहायची सवय लागते. पैसे देणारा नोटा दोनदा मोजतो, थुंकी लावून मोजतो, देताना जरा थांबतो. जन्मभर आपल्याला हेच शिकवलेलं असतं: खर्च करताना जपून, सही करताना वाचून, उधार देताना विचार करून. येणाऱ्या पैशाला मात्र कुणी घाबरत नाही. पैसे तर आपल्याला मिळणार आहेत, आपलं काय जाणार? जुनी वस्तू विकायला बसलेला माणूस याच समजुतीत असतो, आणि फसवणारा नेमका याच दाराने आत येतो.

आमच्या गल्लीतल्या काकूंची गोष्ट सांगते. त्यांच्या संमतीने सांगतेय. त्यांनी डायनिंग टेबल आणि सहा खुर्च्या चौदा हजारांना विकायला टाकल्या. जाहिरात टाकून चहा होतो न होतो तोच फोन आला. घासाघीस नाही, लाकूड कसलं, पाय हलतो का, काही विचारणं नाही. 'माताजी, टेबल पसंद है, रेट भी ठीक है.' आपण सैन्यात आहोत, महूला पोस्टिंग आहे, आता बदली झालीय, क्वार्टर लावायचंय, असं तो म्हणाला. पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, वर्दीतला एक फोटो.

बाहेरच्या माणसाला महूचं नाव ऐकून काही वाटणार नाही. इंदूरकराला वाटतं. ते आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. इन्फंट्री स्कूल तिथे, आर्मी वॉर कॉलेज तिथे, दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी महाविद्यालयही तिथेच. २००३ पासून गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, पण बोलण्यात महूच राहिलंय. राजेंद्र नगरवरून जाणाऱ्या रस्त्यावर आणि गाडीत फौजी दिसणं ही आमच्यासाठी रोजचीच गोष्ट. त्यामुळे 'महू से बोल रहा हूँ' हे वाक्य इथे अर्धं काम करून टाकतं. हीच माणसं ग्वाल्हेरच्या गिऱ्हाइकाशी बोलताना तिथल्या मुरार छावणीचं नाव सांगत असतील, आणि तेही तिथे तितकंच खरं वाटेल. ओळखपत्रही बऱ्याचदा नकली नसतं. ते आधी फसवल्या गेलेल्या कुणा खऱ्या जवानाचं असतं, त्याने व्यवहाराच्या वेळी विश्वासाने पाठवलेलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, कुठल्याही खरेदीदाराला आपल्या आधारचा फोटो पाठवू नका. उद्या तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला तो दाखवला जाईल.

पुढचं काकूंनी मला फोन हातात धरून, जसं घडलं तसं करून दाखवलं. तो म्हणाला, आमचे पैसे अकाउंट्सवाले पाठवतात, त्यांची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, मी दहा परत करतो. काकूंनी पाच पाठवले. दहा आले. खरोखर आले. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला. 'इसको स्कॅन कीजिए माताजी, सात हजार अडव्हान्स आ जाएगा.' स्कॅन केल्यावर पडद्यावर एक अनोळखी नाव आलं, त्याखाली सात हजारांचा आकडा, आणि खाली पैसे देण्याचं बटण. इथे त्या थबकल्या होत्या. पण तो स्पीकरवर सतत बोलत होता. 'पिन डालिए, ये रिसीविंग वाला पिन है, हाँ, हाँ, बस दबा दीजिए.' त्यांनी पिन टाकला. पैसे गेले. तो लगेच म्हणाला, अरे, अडकले वाटतं, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, पुन्हा करा, दोन्ही एकदम येतील. पुन्हा सात. मग आणखी सात.

यूपीआय २०१६ मध्ये आलं. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ते बांधलं तेव्हापासून त्यातला एक नियम बदललेला नाही: पिन चार आकडी असो वा सहा आकडी, तो लागतो फक्त पैसे पाठवायला आणि आपली शिल्लक पाहायला. घ्यायला कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करतो तो देणारा असतो. भाजीवाल्याच्या गाडीवर कोड त्याचा असतो आणि स्कॅन आपण करतो, कारण पैसे आपण देतो. इतकं सरळ आहे, आणि हे काकूंना माहीत नव्हतं असंही नाही. रोज सकाळी दूधवाल्याला त्या तसेच पैसे देतात. पण एक माणूस कानाशी अखंड बोलत असताना माहीत असलेली गोष्ट आठवायला जेवढी फट लागते, तेवढी तो मिळू देत नाही. त्याचं खरं हत्यार हे बोलणं आहे, क्यूआर नंतर येतो.

पूर्वी याच कामासाठी 'कलेक्ट रिक्वेस्ट' वापरायचे, म्हणजे समोरचा पैसे मागतो आणि आपण मंजुरी देतो. सामान्य माणसांमधली अशी मागणी ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. चांगला निर्णय होता, आणखी आधी व्हायला हवा होता. पण एक खिडकी लागली की ही माणसं दुसरी ढकलून पाहतात. क्यूआर आहे, आपल्या फोनचा पडदा दुरून पाहता येणारी ॲप आहेत, 'चुकून जास्त पाठवले, परत करा' म्हणून रडणारा आवाज आहे.

काकूंच्या बाबतीत मला सर्वात जास्त लागलं ते नंतरचं बोलणं. गल्लीत कळल्यावर दोन-तीन जण म्हणाले, लोभ नडला. कसला लोभ? बाई स्वतःचं टेबल योग्य किमतीला विकत होत्या. त्यांनी कुणाकडून दुप्पट पैसे मागितले नव्हते, लॉटरीच्या मागे लागल्या नव्हत्या. त्यांना नडली ती रीतभात. फौजी म्हणवणाऱ्या माणसाचा फोन मध्येच कापायचा नाही, 'माताजी' म्हणणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही, समोरचा घाईत असेल तर आपल्यामुळे त्याला उशीर होऊ द्यायचा नाही. हे सगळे गुण आहेत, आणि आमच्या घरांतून ते शिकवले गेलेत. त्यांना लोभ म्हणणं हा त्या बाईंवर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

आणि या बोलण्याच्या भीतीपायीच वेळ जातो. दुपारी पैसे गेले, काकू माझ्याकडे आल्या त्या दिवेलागणीला. मधला वेळ त्या देवघरात बसून होत्या, काकांना कसं सांगायचं या विचारात. १९३० या क्रमांकावर फोन केला की तक्रार नोंदली जाते, पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच कळवलं जातं, ती पुढच्या बँकेला कळवते, आणि रक्कम जिथे सापडेल तिथे अडवली जाते. २०२१ पासून ही साखळी चालू आहे, आणि तिने खरोखर लोकांचे पैसे वाचवलेत. पण चोर तासाभरात पैसे तीन खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतो. काकूंच्या एकवीस हजारांपैकी थोडी रक्कम दुसऱ्या टप्प्यावर अडकलेली सापडली, बाकीची निघून गेली होती. म्हणून माझं एक आग्रहाचं सांगणं असतं: आधी १९३०, मग बँक, मग नवरा, मुलगा, शेजारी. लाज वाटायचीच असेल तर ती फोन ठेवल्यावर वाटू द्या.

बँकेने भरपाई का दिली नाही, असं काकांनी मला विचारलं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला मोठं संरक्षण दिलेलं होतं. तिसऱ्याच कुणी परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी. काकूंनी पिन स्वतःच्या बोटाने टाकला होता, त्यामुळे कागदावर तो अधिकृत ठरतो. फसवून सही घेतली तर ती सही खरी मानायची की नाही, यावर कराराच्या कायद्यात दीडशे वर्षं विचार झालाय. फसवून टाकायला लावलेल्या पिनला मात्र आपण अजून निमूटपणे त्या माणसाची इच्छा समजतो. मला हे पटत नाही, नोकरीत असतानाही पटत नव्हतं.

क्यूआरचं तरी आता बरंच बोललं जातं. पैसे आल्याचा देखावा करणं त्याहून सोपं आहे. वैशाली नगरातल्या ओळखीच्या एका जोडप्याने टीव्ही विकायला टाकला. संध्याकाळी दोन मुलं लोडिंग रिक्षा घेऊनच आली. टीव्ही चालवून पाहिला, आवाज वाढवून पाहिला, शंभर-दोनशे कमी करा म्हणून हुज्जत घातली, म्हणजे खरं गिऱ्हाईक करतं ते सगळं केलं. मग फोनवर हिरवी बरोबरची खूण दाखवली. विकणाऱ्याच्या फोनवर मेसेजही आला: इतके रुपये जमा. टीव्ही रिक्षात चढला. तो मेसेज एका दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला होता. बँकेचा मेसेज अशा नंबरवरून येत नाही, तो अक्षरांच्या नावाने येतो. आणि ती हिरवी खूण एका बनावट ॲपची होती. अशी ॲप मिळतात, त्यांत नाव आणि रक्कम लिहिली की हुबेहूब पडदा तयार होतो.

समोरच्याच्या फोनवर काय दिसतं याला शून्य किंमत द्यावी. स्क्रीनशॉटलाही. आपलं बँकेचं ॲप उघडून शिल्लक वाढली का ते बघावं, आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आपल्या नोंदीत सापडतो का ते बघावं. 'एनईएफटी केलंय, येईल थोड्या वेळात' हे खरं असू शकतं, कारण एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची ही पद्धत डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत चालते. मग त्या थोड्या वेळात वस्तू आपल्या दिवाणखान्यातच राहू दे. चेक दिला तर तो वटेपर्यंत राहू दे. वस्तुविक्रीच्या कायद्याने, तो १९३० सालचाच आहे, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला वस्तू अडवून धरायचा हक्क दिलाय. पण तो हक्क वस्तू ताब्यात असेपर्यंतच. एकदा ती दाराबाहेर गेली की गोष्ट फार अवघड होते. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे फसवून नेलेली वस्तू, तो सौदा तुम्ही रद्द करायच्या आत, चोराने एखाद्या अजाण माणसाला विकली, तर त्या अजाण माणसाची मालकी पक्की होऊ शकते. तुमचा टीव्ही समोर दिसत असूनही तुमचा राहत नाही. त्या जोडप्याला हे समजावून सांगताना मला फार जड गेलं.

ग्राहक मंचाकडे जाता येईल का, हे बरेच लोक विचारतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा विकत घेणाऱ्यासाठी आहे. घरातलं टेबल विकणारी बाई खरेदीदाराविरुद्ध ग्राहक ठरत नाही. तिच्यासाठी पोलीस: भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची ३१८ आणि ३१९ ही कलमं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. बँकेच्या सेवेत काही उणं राहिलं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. एवढंच. घेणाऱ्यासाठी इतकं सगळं उभं केलंय, आणि ते योग्यच आहे. पण अधूनमधून एखादी वस्तू विकणाऱ्या साध्या माणसाचा विचार कुणी केल्याचं मला दिसत नाही.

मध्यंतरी मी माझं लोखंडी कपाट विकलं. घ्यायला आलेले गृहस्थ फाटकात उभे राहिले, बरोबर बायको आणि शाळेतली मुलगी. म्हणाले, 'मैडम, मैं सच में फौजी हूँ. फोन पर महू बोलते ही लोग काट देते हैं, इसलिए सीधा आ गया.' त्यांनी हे हसत सांगितलं, पण त्यांच्या बायकोला ते हसू आवडलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कपाटाचं लॉकर उघडून पाहिलं, किल्ल्या किती आहेत विचारलं, दाराचा एक कब्जा वाजत होता त्याचे दोनशे कमी करून मागितले. पैसे पाठवल्यावर स्वतःच म्हणाले, 'पहले आप अपने खाते में देख लीजिए.' मी पाहिलं, मग कागदावर दोन ओळी लिहिल्या, दोघांनी सह्या केल्या. फसवणारे जे पळवून नेतात त्यात हेही येतं. देशासाठी नोकरी करणाऱ्या माणसाला आपलं गाव आणि आपला पेशा सांगायची चोरी झालीय, याचा हिशेब कुठल्याच तक्रारीत लिहिला जात नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडे येते. वर सांगितलेली सगळी काळजी घेऊनही माझा भाचा अडकला.

तो विजय नगरात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. फोटोग्राफीची हौस, नवा कॅमेरा घ्यायचा म्हणून जुना अठ्ठावन्न हजारांना विकायला काढला. खरेदीदाराला भरदिवसा छप्पन दुकानावर भेटला. तिथे दुपारीही गर्दी असते. पैसे आले. त्याने स्वतःच्या ॲपमध्ये पाहिलं, खरोखर जमा होते. कॅमेरा दिला, बिल दिलं, बॅटरी-चार्जर दिलं. कुठेही काही चुकलं नव्हतं. काही आठवडे गेले, आणि एका सकाळी पेट्रोल पंपावर त्याचं पेमेंट होईना. मग घराचा हप्ता परत गेला. शाखेत गेला तर काउंटरवरचं उत्तर: 'साइबर का होल्ड है, ऊपर से आया है.' कुणाचा, कशासाठी, किती रकमेचा, काही सांगेनात.

झालं होतं ते असं. खरेदीदाराने दिलेले पैसे त्याचे नव्हतेच. दुसऱ्या राज्यातल्या कुणालातरी फसवून ते काढले होते, दोन खात्यांतून फिरवले होते, आणि माझ्या भाच्याच्या खात्यात आणून सोडले होते. चोराला पैशाचं रूपांतर अशा वस्तूत करायचं होतं जी सहज खिशात मावते आणि सहज विकली जाते. कॅमेरा, चांगला फोन, सोन्याचं नाणं. फसलेल्या व्यक्तीने १९३० ला कळवलं. साखळी फिरली आणि शेवटच्या कडीपाशी, म्हणजे आमच्या मुलापाशी, येऊन थांबली. जी व्यवस्था काकूंच्या वेळी अधिक वेगाने चालावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते, तीच आता माझ्या भाच्याचा पगार धरून बसली होती. मी तिच्याविरुद्ध बोलूही शकत नव्हते.

पोलिसांचा हा अधिकार जुनाच आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १०६ आहे. तपास अधिकाऱ्याच्या पत्राशिवाय बँक सहसा होल्ड उठवत नाही, हेही मला माहीत होतं. पण अठ्ठावन्न हजारांच्या संशयासाठी सगळं खातं का गोठवायचं? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं होतं की पोलिसांनी जेवढी रक्कम लिहिलीय तेवढीच अडवा, खातं चालू ठेवा. त्या निकालाची प्रत घेऊन आम्ही शाखेत गेलो. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं संभाषण, कॅमेऱ्याच्या मूळ बिलाची प्रत, त्यावरचा अनुक्रमांक, आणि खरेदीदाराची सही असलेली साध्या कागदावरची पावती. ही पावती घे असं मीच त्याला सांगितलं होतं, आणि पुढे सर्वात जास्त तीच उपयोगी पडली. शाखेकडून तक्रारीचा पोचपावती क्रमांक मिळाला, त्यावरून पोलीस ठाणं कळलं, तपास अधिकाऱ्यांचा ई-मेल मिळाला. आधी त्यांनी प्रत्यक्ष हजर राहायला सांगितलं, नंतर कागद ई-मेलवर स्वीकारले. हळूहळू खातं खुलं झालं. अठ्ठावन्न हजार मात्र अजून अडकलेलेच आहेत, आणि ते कुणाचे हे आता न्यायालय ठरवणार.

अधिकाऱ्यांशी बोलताना भाच्याला कळलं की ते पैसे एका निवृत्त शिक्षिकेचे होते. रात्री जेवताना तो म्हणाला, 'मावशी, मग ते तिचेच ना गं? मी कसे मागू?' मी म्हटलं, 'अरे, आणि कॅमेरा तुझा नव्हता का?' तो गप्प बसला. मीही जास्त बोलले नाही, कारण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तिचं काही चुकलं नाही, त्याचंही नाही, आणि कॅमेरा आज ज्याच्या गळ्यात आहे त्यानेही बहुधा पूर्ण पैसे मोजलेत. चोर मधून निघून गेला आणि तीन सज्जन माणसं एकमेकांसमोर उभी राहिली.

हा पेच नवा नाही. इंदूरच्या सराफ्यात माळव्याच्या अफूच्या व्यापाराच्या हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठ्या, फिरायच्या, तेव्हाही चोरीची हुंडी प्रामाणिक माणसाच्या हातात येत असेल. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याने, त्यावर उत्तर काढलं. बँकेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने ते पाठ केलेलं असतं: ज्याने चेक किंवा हुंडी मुदतीच्या आत, मोबदला देऊन, सद्भावनेने घेतली आणि देणाऱ्याच्या हक्कावर संशय घ्यायला ज्याला कारण नव्हतं, तो यथाविधी धारक. मागे काहीही घडलेलं असो, त्याचा हक्क शाबूत. कारण साधं आहे, असा माणूस सुरक्षित नसेल तर व्यापार चालणारच नाही. प्रत्येकाला समोरच्याचे पैसे कुठून आले हे विचारत बसावं लागेल, आणि खरं उत्तर मिळवायचा काही मार्ग नसेल.

यूपीआयने आलेली रक्कम हुंडी नाही, चेकही नाही, तिला तो कायदा लागत नाही. पण त्यामागचा विचार तर लागू आहे. ज्याने वस्तू दिली, बिल दिलं, पावती घेतली, त्याला चोराच्या साथीदारापासून वेगळं ओळखायची सोय आपल्याकडे हवी, आणि ती पहिल्या दिवशी हवी, हप्ता परत गेल्यावर नको. आज संगणकाला ही दोन खाती सारखीच दिसतात. पैसे येताच पाच मिनिटांत एटीएमवर धावणारं, चोराला भाड्याने दिलेलं खातं, आणि दहा वर्षांपासून पगार जमा होणारं, हप्ते जाणारं खातं. कुठल्याही जुन्या कॅशियरला यातला फरक पासबुकाच्या एका पानावरून कळला असता.

तोवर मी माझ्यापुरता एक उपाय काढलाय आणि ओळखीच्या सगळ्यांना सांगते. ज्या खात्यात पेन्शन किंवा पगार येतो, त्याचा यूपीआय आयडी कुठल्याही अनोळखी खरेदीदाराला देऊ नका. विक्रीसाठी वेगळं, थोड्या शिलकीचं बचत खातं ठेवा. होल्ड लागला तरी घर चालतं. फोन विकत असाल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पावतीवर लिहा, गाडी विकत असाल तर आरटीओत नाव बदलल्याशिवाय विषय संपला असं मानू नका, कारण नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची जबाबदारीही तुमच्याकडेच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि दहा-पंधरा हजारांपर्यंतची वस्तू असेल तर मी अजूनही रोख घ्या म्हणते. गल्लीतली तरुण मुलं याला मागासलेपण म्हणतात. म्हणू देत. मोजून घेतलेली नोट तीन आठवड्यांनी परत मागायला कुणी येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बँकेच्या शाखेत ग्राहक सेवा समिती असते, महिन्यातून एकदा ती बसते, आणि तिच्यात एखादा ज्येष्ठ नागरिकही घेतात. आमच्या भागातल्या शाखेच्या समितीत सध्या मी आहे. मी त्यांना पत्र दिलंय. होल्ड लागताच खातेदाराला मेसेज जावा, त्यात पोचपावती क्रमांक, पोलीस ठाणं, रक्कम आणि तपास अधिकाऱ्यांचा ई-मेल असावा. संशयाच्या रकमेपलीकडचं खातं चालू राहावं. बिल आणि पावती दाखल करायला शाखेतच एक टेबल असावं, आणि तिथून ती शाखेच्या शिक्क्यानिशी पोलिसांकडे जावी. शाखा व्यवस्थापक म्हणाले, यातलं पहिलं आणि दुसरं वरच्या कार्यालयाला विचारावं लागेल, तिसरं मात्र आम्ही आमच्या पातळीवर करू शकतो. पुढच्या बैठकीला भाचाही येणार आहे, त्याच्या सगळ्या कागदांची फाइल घेऊन.